जंगल चांगलं, कारखाना वाईट?



दिवाळीच्या सुट्टीत माझ्या माहेरी सगळे जमले होते. माझी लेक नववीत आहे. तिने आणि तिच्या मामेभावाने मिळून टीव्हीवर ‘अवतार’ लावला. २००९ सालचा, पहिला भाग. दोघांनी तो आधी पाहिलेला होता, पण या वेळी नानीला दाखवायचा होता. माझी अम्मी सत्तरीची आहे. दहा दहा फूट उंचीची निळी माणसं, हवेत तरंगणारे डोंगर, रात्री चमकणारी झाडं बघून ती खूश झाली. “माशाअल्लाह, क्या बनायेत!” असं दोन-तीनदा म्हणाली. मग मध्येच तिने नातीला विचारलं, “क्या गे, इन लोगां के बच्चे बीमार नई पडते क्या?”

मुलं हसली. “नानी, पिक्चर आहे तो,” असं म्हणून पुढे बघू लागली. मला मात्र हसू आलं नाही. हा प्रश्न अम्मीच्या मनात का आला, ते मला ठाऊक होतं. ते पुढे सांगते. आधी वर्गातली गोष्ट सांगते, कारण हा लेख लिहायला ती कारण झाली.

सुट्टी संपल्यावर मी नववीला निबंध दिला : ‘मला आवडलेला चित्रपट’. बऱ्याच मुलांनी ‘अवतार’वरच लिहिलं होतं. एका हुशार मुलीने शेवट असा केला होता की माणसाने यंत्रं शोधली आणि सुख गमावलं, म्हणून आपण सर्वांनी पुन्हा जंगलात राहायला जावं. मी तो निबंध वर्गात वाचून दाखवला. टाळ्या पडल्या. मागच्या बाकावरचा एकजण शेजारच्या मुलाला म्हणाला, “तुझी मजा आहे यार. तू तर आधीच निसर्गात राहतोस.” शेजारचा मुलगा लमाण तांड्यावरून येतो. तो जरा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, “मॅडम, आमच्या तांड्यावर उन्हाळ्यात टँकर येतो. तोपण रोज नाही.”

वर्ग शांत झाला. हा मुलगा दर वर्षी दिवाळीनंतर आईबापाबरोबर ऊसतोडीला जायचा आणि चार-पाच महिन्यांनी परत यायचा. या वर्षी त्याच्या आजीने त्याला मागे ठेवून घेतलं, म्हणून तो वर्गात होता. त्याच्या राहण्याला ‘निसर्ग’ म्हणणारा मुलगा वाईट नाही. त्याने सिनेमात जे पाहिलं, तेच तो बोलला. पण त्या एका वाक्याने शेजारच्या मुलाची तहान, त्याची बुडालेली शाळा, त्याच्या आईचे उसाच्या पाचटाने कापलेले हात, सगळं पुसून टाकलं. म्हणून म्हटलं, या महिन्यात या सिनेमांबद्दलच बोलू.

‘अवतार’ची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असेल. काळ आहे २१५४ सालचा. पृथ्वी उजाड झाली आहे. दूरच्या एका ग्रहाभोवती फिरणाऱ्या पँडोरा नावाच्या चंद्रावर एक मौल्यवान खनिज सापडतं. ते काढायला पृथ्वीवरची एक कंपनी भाडोत्री सैनिक आणि अवाढव्य यंत्रं घेऊन तिथे जाते. खनिजाचा मोठा साठा नेमका नावी लोकांच्या घरझाडाखाली असतो. जेक सली हा पायांनी अधू झालेला माजी सैनिक हेर म्हणून नावींमध्ये जातो, त्यांच्यावर लुब्ध होतो आणि शेवटी आपल्याच माणसांविरुद्ध लढतो. दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉन यांच्या या सिनेमाने जगभरात पावणेतीन अब्ज डॉलरहून अधिक कमाई केली. २०२२मध्ये दुसरा भाग आला, २०२५मध्ये तिसरा.

सिनेमा वाईट आहे असं मी म्हणत नाही. घरझाड कोसळतं तो प्रसंग बघताना माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. ताकदवानाने दुबळ्याची जमीन हिसकावून घ्यावी हा जुलूम आहे, आणि तो मुलांना समजलाच पाहिजे. माझी तक्रार वेगळी आहे. सिनेमा जुलूम दाखवता दाखवता हळूच दुसरंच काहीतरी शिकवून जातो : जिथे लोखंड आहे तिथे पाप आहे, आणि जिथे पान आहे तिथे पुण्य आहे. कंपनीच्या छावणीत सगळं राखाडी, माणसं उद्धट, जेवण बेचव. नावींच्या वस्तीत सगळं रंगीत, कुणी कुणाशी भांडत नाही, कुणी म्हातारपणाने अंथरुणाला खिळलेलं नाही, कुणाच्या घरी तापाने फणफणलेलं लेकरू नाही. तिसऱ्या भागात नावींचीच एक वाईट टोळी येते खरी, पण ती कोण? ज्या एवा देवीला बाकीचे नावी मानतात, तिच्याकडे पाठ फिरवलेली. म्हणजे जंगलावर विश्वास ठेवणारे ते चांगले, हा हिशेब तिथेही बदलत नाही.

आता जरा बारकाईने बघू. पँडोराचं जंगल खरंच जंगल आहे का? सिनेमातली शास्त्रज्ञ बाई सांगते की तिथल्या झाडांची मुळं एकमेकांशी जोडलेली आहेत आणि त्यांतून मेंदूतल्यासारखे संदेश धावतात. नावींच्या वेणीच्या टोकाला तंतू असतात. ते घोड्याला किंवा उडत्या पक्ष्याला जोडले की तो प्राणी त्यांच्या मनाप्रमाणे चालतो. वाडवडिलांच्या आठवणीसुद्धा एका झाडात साठवलेल्या असतात आणि वेणी जोडली की ऐकू येतात. माझी लेक हे ऐकून म्हणाली, “अम्मी, हे तर इंटरनेटच झालं. फक्त रिचार्ज नाही.” अगदी बरोबर. आपल्या शहरातल्या सगळ्या सोयी तिथे आहेत. वाहन आहे, निरोप आहे, दिवे आहेत, ग्रंथालय आहे. फक्त त्या सोयी करण्यासाठी कुणाला खाणीत उतरावं लागलेलं नाही, कुणाला रात्रपाळी करावी लागलेली नाही. कष्ट वजा केले आणि फळ ठेवलं, तर कुठलंही गाव जन्नतच वाटेल.

आणखी एक गंमत आहे. जेकला चालता येत नाही. त्याच्या काळात मणका दुरुस्त करण्याची विद्या आहे, पण खर्च त्याला झेपत नाही. तो पुन्हा धावू लागतो तो जंगलामुळे नाही. प्रयोगशाळेत तयार केलेलं नवं शरीर आणि मनाचा धागा त्या शरीराशी जोडणारी एक पेटी, या दोन गोष्टींमुळे तो धावतो. म्हणजे यंत्राला शिव्या देणारा हा नायक यंत्राच्याच पायांवर उभा आहे. सिनेमा स्वतःसुद्धा तसाच आहे. न्यूझीलंडमध्ये हजारो संगणक रात्रंदिवस चालले, तेव्हा ती झाडं चमकली. आणि अशा सिनेमात हटकून दिसणारी गोष्ट म्हणजे परका माणूस येतो, काही महिन्यांत तिथल्या लोकांपेक्षा तिथलं सगळं चांगलं शिकतो आणि त्यांचा पुढारी होतो. १९९०च्या ‘डान्सेस विथ वुल्व्ज’मध्येही गोरा सैनिक आदिवासींमध्ये जाऊन त्यांचा होतो. लोक जर इतके शहाणे आहेत, तर त्यांना वाचवायला बाहेरचाच माणूस का लागतो, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

‘स्टार वॉर्स’ मालिकेतला १९८३चा ‘रिटर्न ऑफ द जेडाय’ घ्या. त्यात अस्वलाच्या पिल्लांसारखे दिसणारे इवॉक लाकडाचे ओंडके आणि दगड वापरून साम्राज्याची चालती लढाऊ यंत्रं मोडून काढतात. मुलांना ते फार आवडतं, मलाही आवडलं होतं. पण इतिहासात भाल्याने तोफेशी झुंज दिली तेव्हा बहुतेक वेळा काय झालं, हे इतिहास शिकवणाऱ्याला सांगावं लागत नाही. ज्यांचा पराभव झाला त्यांची माणुसकी कमी नव्हती. त्यांच्याकडे तोफ नव्हती.

ही आवड नवी नाही. रोमचा इतिहासकार टॅसिटस याने सन ९८मध्ये जर्मन टोळ्यांवर पुस्तक लिहिलं. त्यात त्याने त्यांच्या साधेपणाचं आणि शौर्याचं कौतुक केलं, पण त्याचा रोख रोमच्या ऐषआरामावर होता. टोळ्यांच्या आरशात त्याला आपल्याच शहराचा चेहरा दाखवायचा होता. सिनेमावालेही तेच करतात. शहरात दमलेला प्रेक्षक अंधारात दोन-तीन तास बसतो, जंगलाला दाद देतो, आणि बाहेर येऊन लिफ्टचं बटण दाबतो.

पण आरसा म्हणून ज्यांना वापरलं जातं, त्या माणसांचं काय होतं? याचं उत्तर १९२२मधल्या एका जुन्या सिनेमात मिळतं. ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ हा कॅनडाच्या बर्फाळ उत्तरेतल्या इन्युइट लोकांवरचा माहितीपट. तो रॉबर्ट फ्लॅहर्टी यांनी काढला. त्यातल्या शिकाऱ्याचं खरं नाव नानूक नव्हतंच, अल्लाकरियाल्लक होतं. त्या काळात इन्युइट शिकारी बंदुका वापरू लागले होते. तरी त्यांना कॅमेऱ्यापुढे बंदूक बाजूला ठेवून भाल्याने शिकार करायला लावलं. बर्फाच्या घरात कॅमेऱ्याला पुरेसा उजेड मिळेना, म्हणून एका बाजूने उघडं घर बांधलं आणि घरच्यांना त्यात झोपायला लावलं. एका प्रसंगात तो ग्रामोफोनची तबकडी तोंडात धरून चावून बघतो, जणू असली वस्तू त्याने जन्मात पाहिली नाही. खरं तर त्याला ग्रामोफोन ठाऊक होता. बघणाऱ्याला जसा आदिमानव हवा होता, तसा तो त्याच्याकडून करवून घेतला. तांड्यावरच्या मुलाला ‘तुझी मजा आहे’ म्हणणं हे त्याच गोष्टीचं छोटं रूप आहे. आदिवासी मुलाच्या हातात मोबाइल दिसला की आपण म्हणतो, “बघा, हेही बिघडले.” आपल्या मुलाच्या हातात असतो तेव्हा त्याला आपण शिक्षण म्हणतो.

आता अम्मीच्या प्रश्नाकडे येते.

अम्मीचं सासर बार्शी तालुक्यातलं. १९७२च्या दुष्काळात विहिरी आटल्या. अब्बा आणि अम्मी दोघं रोजगार हमीच्या कामावर खडी फोडत होते, सुकडी खात होते. त्याच वर्षी अम्मीला पहिलं मूल झालं. मुलगा. घरातच झाला. नाळ विळ्याने कापली, कारण घरात तेच होतं आणि सगळ्यांची तशीच कापत. आठव्या दिवशी बाळाने दूध ओढणं सोडलं, जबडा आवळला, अंग ताठ झालं. धनुर्वात. दवाखाना बारा कोसांवर आणि बैल चाऱ्यावाचून मेलेले. ते बाळ, म्हणजे माझा सगळ्यात मोठा भाईजान, त्याचं नाव ठेवायचंही राहून गेलं. अम्मी हे कधी सांगत नाही. माझ्या लेकीच्या वेळी मी दवाखान्यात होते, तेव्हा नर्सने पाकीट फाडून नवं ब्लेड काढलं. अम्मीने ते बघितलं आणि तोंडावर पदर घेऊन बाहेर गेली. तेव्हा कुठे मला ही गोष्ट कळली.

ते ब्लेड कारखान्यात तयार होतं. धनुर्वाताची लस कारखान्यात तयार होते. ती थंड ठेवणारी पेटी, ती गावापर्यंत नेणारी जीप, ती टोचणारी सुई, सगळं कारखान्यातलं. याच वस्तूंच्या आणि त्या घरोघर पोचवणाऱ्या परिचारिकांच्या जोरावर २०१५ साली भारताने बाळबाळंतिणीच्या धनुर्वाताचं उच्चाटन केल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने शिक्कामोर्तब केलं. म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात हजार जन्मांमागे एकाहून कमी बाळाला तो होतो. देश स्वतंत्र झाला तेव्हा आपल्या माणसाचं सरासरी आयुष्य बत्तीस वर्षांच्या आसपास होतं, आज ते सत्तरीला आलं आहे. यंत्रं येण्यापूर्वीच्या जगात, शेती करणाऱ्यांत काय आणि शिकार करणाऱ्यांत काय, जन्मलेल्या मुलांपैकी जवळजवळ निम्मी मोठी होण्याआधीच दगावत. तेव्हा पडद्यावरच्या त्या सुंदर वस्तीत कबरी किती असतील, हे अम्मीने एका प्रश्नात विचारून टाकलं होतं.

पण थांबा. एवढ्यावरून कारखान्याची आरती ओवाळायला मी तयार नाही. कारण त्या दिवशी खोलीत अब्बाही बसले होते, आणि आवाज मोठा करा म्हणून सारखे सांगत होते.

दुष्काळानंतर अब्बा अम्मीला घेऊन सोलापुरात आले आणि यंत्रमागावर लागले. चाळीस वर्षं काढली. बारा बारा तासांची पाळी. एका माणसाकडे चार चार माग. खटाखट, खटाखट. तिथे कामगार एकमेकांशी ओठांच्या हालचालीवर बोलतात. त्या आवाजाने अब्बांचे कान गेले, सुताच्या धुळीने छाती गेली. आता जिना चढताना मध्ये दोनदा थांबतात. या घराला भाकरी मागाने दिली, हेही खरं, आणि त्या भाकरीची किंमत अब्बांच्या फुप्फुसांनी मोजली, हेही खरं. ज्या औद्योगिक जगाला सिनेमा सैतान ठरवतो, त्याने सैतानी कामं केलेलीच नाहीत असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? २ आणि ३ डिसेंबर १९८४च्या मधल्या रात्री भोपाळमध्ये विषारी वायू सुटला आणि झोपेतली हजारो माणसं गेली. ती माणसं कारखान्याच्या भिंतीला लागून राहणारी, गरीब होती.

मी अब्बांना विचारलं (कानाशी जाऊन, मोठ्याने), “अब्बा, ही यंत्रं बघून काय वाटतं?” पडद्यावर तेव्हा बुलडोझर झाडं पाडत होते. अब्बा म्हणाले, “मशीन को क्या मालूम बेटा? चलानेवाले को कौन चला रा, वो देखो.” मग म्हणाले की मागाशी माझं कधी भांडण नव्हतं. भांडण होतं ते बारा तासांच्या पाळीशी. आठ तासांची पाळी असती, खिडक्या असत्या, तोंडाला लावायला मालकाने चांगला मास्क दिला असता, तर तोच माग घरात ठेवला असता.

सिनेमात नेमकं हेच निसटतं, असं मला वाटतं. पँडोरावर पाप कुणाचं? दूर बसलेल्या भागधारकांच्या हावेचं. पण पडद्यावर आग ओकताना दिसतो तो बुलडोझर. पोरांच्या मनात राग बसतो तो लोखंडाबद्दल. हाव सुटून जाते, कारण हावेचं चित्र काढणं अवघड असतं. आणि खरं सांगायचं तर हाव बघायची झाली तर आपल्याही घरात बघावी लागते.

सगळेच सिनेमे असे एका डोळ्याचे नसतात. १९२७मध्ये जर्मनीत फ्रित्झ लांग यांनी ‘मेट्रोपोलिस’ हा मूकपट काढला. वर मालकांच्या बागा, खाली जमिनीच्या पोटात कामगारांची वस्ती. यंत्राचा तिथे राक्षस झालेला दिसतो आणि तो माणसं गिळतो. पुढे भडकलेले कामगार मुख्य यंत्र फोडतात, आणि काय होतं? पाणी उपसणं थांबतं आणि त्यांचीच वस्ती बुडू लागते. मुलं तर खालीच राहिलेली असतात. यंत्र फोडल्याचा आनंद करणाऱ्या आईबापांना आपल्या लेकरांची आठवण येते तो प्रसंग मी विसरू शकत नाही. जवळपास शंभर वर्षांपूर्वीच्या या सिनेमाला कळलं होतं की ज्या यंत्राने माणूस पिळला जातो, त्याच्यावरच त्याचं घरही उभं असतं.

दुसरा जपानचा, १९९७चा, हायाओ मियाझाकी यांचा ‘प्रिन्सेस मोनोनोके’. चित्रांचा सिनेमा, पण अगदी लहान मुलांचा नाही. त्यात एबोशी नावाची बाई जंगल तोडून लोखंडाची वसाहत उभी करते. प्राण्यांचे आत्मे तिच्यावर चवताळलेले आहेत. आपण तिला खलनायिका ठरवायला बसतो, तोच कळतं की तिने कुंटणखान्यातून सोडवून आणलेल्या बायकांना भात्यावर काम दिलं आहे, आणि ज्यांच्याजवळ कुणी जात नाही अशा कुष्ठरोग्यांच्या जखमा ती स्वतः धुते. तिच्यासाठी ती वसाहत म्हणजे इज्जत आहे. आणि जंगलाचं रडणंही खोटं नाही. शेवटी नायक वसाहतीत राहतो, नायिका जंगलात, आणि वसाहत पुन्हा, पण जरा वेगळी, बांधायची ठरते. मुलांना हा सिनेमा दाखवला तर घरी परतताना भांडण होईल, आणि ते भांडण चांगलं.

आपल्या वाचकांना यात नवं काही वाटू नये. सहाशे वर्षांपूर्वी इब्न खल्दून यांनी हाच प्रश्न मांडला होता. १३३२ साली ट्युनिसमध्ये जन्मलेल्या या विद्वानाने १३७७मध्ये ‘मुकद्दिमा’ लिहिला. त्यात त्यांनी वाळवंटी टोळ्यांचं भरभरून कौतुक केलं आहे : ते धीट असतात, एकमेकांसाठी जीव टाकतात, ऐषआरामाने सडलेले नसतात. शहराचा ऐषआराम काही पिढ्यांत राजघराणी कशी पोखरतो, तेही त्यांनी दाखवलं. पण ते तिथे थांबले नाहीत. याच टोळ्या शहरांची नासधूस कशी करतात तेही त्यांनी लिहिलं, आणि इल्म व हुन्नर शहरातच बहरतात हेही लिहिलं. स्वतः ते कैरो शहरात काझी झाले आणि १४०६मध्ये तिथेच वारले. दोन्हीकडचं खरं एकाच पुस्तकात लिहिण्याची हिंमत त्यांच्यात होती.

त्यांच्याही दोनशे वर्षं आधी अंदलुसमध्ये इब्न तुफैल यांनी ‘हय इब्न यकझान’ ही कथा लिहिली. निर्जन बेटावर एका हरिणीने वाढवलेल्या मुलाची गोष्ट. जंगलातलं मूल म्हटलं की आपल्याला वाटेल ते झाडावर उड्या मारत सुखात राहील. पण हय काय करतो? हरिणी मरते तेव्हा ती का मेली हे शोधायला तो तिचं शरीर उघडून बघतो. आग हाताळायला शिकतो, अंग झाकायला कपडा करतो, तारे बघतो, आणि विचार करत करत निर्मात्यापर्यंत पोचतो. निसर्गात वाढलेलं मूलही शेवटी प्रश्नच विचारतं. हत्यार घडवणं हा माणसाचा बिघाड नाही, ती त्याची फितरत आहे. पडद्यावरच्या नावींना मात्र कुणी काही शोधू देत नाही. ते कायम तसेच राहावेत, म्हणजे आपल्याला बघायला बरं.

खरे जंगलवासी काय करतात, तेही आपल्या देशात बघायला मिळतं. ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावर डोंगरिया कोंध आदिवासी राहतात. तिथे बॉक्साइटची खाण होणार होती. ‘अवतार’ आल्यावर २०१०मध्ये एका आंतरराष्ट्रीय संघटनेने सिनेमाच्या नियतकालिकात जाहिरात देऊन कॅमेरॉन यांना या लोकांसाठी मदतीचं आवाहन केलं. जगभर त्यांना ‘खरे अवतार’ म्हणू लागले. पण निकाल कसा लागला? वेणी झाडाला जोडून नाही आणि पक्ष्यावर बसूनही नाही. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ग्रामसभांनी ठरवावं. २००६च्या वनहक्क कायद्याचा आधार होता. बारा गावांच्या ग्रामसभा भरल्या आणि बाराही गावांनी खाण नाकारली. कायदा, कोर्ट, ठराव, सही-अंगठा. ज्या शहरी वस्तूंना सिनेमात जागाच नाही, त्यांच्याच जोरावर डोंगर वाचला.

आणि आपल्या गडचिरोलीतलं मेंढा-लेखा. गोंडांचं गाव. २००९मध्ये त्यांनी आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला आणि २०११मध्ये बांबूच्या वाहतुकीचे पास देण्याचा अधिकारही. मग त्यांनी बांबू विकला, हिशेब ठेवला. त्यांनी जंगल राखलं आणि बाजारही सोडला नाही. याच जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं, त्यात इंजेक्शन देणंही आलं. त्या गावांत बाळांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. झाडं तीच, माणसं तीच, त्यात एका सुईची भर पडली. अम्मीच्या गावात १९७२मध्ये ती सुई असती तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

वाचकहो, मुलांना हे सिनेमे दाखवू नका असं मी सांगणार नाही. दाखवा, आणि सोबत बसा. सिनेमा संपला की चहा पिता पिता तीन प्रश्न विचारा. या सुंदर वस्तीत बाळंतपण कसं होत असेल? हे यंत्र कुणाच्या हुकमाने चालतंय आणि त्याचा फायदा कुणाच्या घरी जातोय? आणि ज्या लोकांची ही गोष्ट आहे, त्यांना विचारलं असतं तर त्यांनी काय मागितलं असतं? उत्तरं तुम्ही देऊ नका. मुलं देतील.

ही धरती आपल्याकडे अमानत आहे. तिची नासाडी करणं गुन्हा आहे, आणि तिच्यातून औषध, कापड आणि भाकरी काढण्याची जी अक्कल अल्लाहने दिली ती टाकून देणं हाही नाशुक्रेपणाच आहे. या दोन्हींच्या मधून वाट काढणं कठीण आहे, पण चालायचं आहे ते त्याच वाटेवर.

वर्गातली गोष्ट अर्धी राहिली. टँकरबद्दल बोललेल्या त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी सांगितलं, “तूही निबंध लिही. सिनेमा नको. तुझा तांडा तुझ्या मनासारखा कसा असावा, ते लिही.” त्याने एक पान लिहिलं. त्यात पळसाची झाडं होती, आजीच्या शेळ्या होत्या, होळीचा नाच होता. आणि एक नळ होता, विजेची मोटर होती, आणि दिवाळीनंतरही घरीच राहणारी आई होती. त्याला जंगल आणि कारखाना यातलं एक निवडायचं नव्हतं. त्याला दोन्हीतलं चांगलं हवं होतं, जसं आपल्या प्रत्येकाला हवं असतं.

तो निबंध मी घरी नेला आणि अम्मीला वाचून दाखवला. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, “ये बच्चा समझदार है. इसकू पढाओ.”

पुढच्या महिन्यात भेटू, इन्शाअल्लाह. खुदा हाफिज.